उंच प्रदेश आणि प्राण्यांतील मेद-चयापचय

उंच प्रदेशातील विरळ हवेला सरावताना प्राण्यांच्या शरीरात मेद साठवण्याच्या, वाहून नेण्याच्या व जाळण्याच्या क्रियांत होणारे बदल. सुमारे ४,३०० मी. उंचीवर हवेतून मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम ६०% उरतो. एक ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, कर्बोदकातून ४; पण हिशेब ऑक्सिजनचा मांडला की पारडे फिरते. तेवढ्याच ऑक्सिजनवर कर्बोदके मेदापेक्षा साधारण १५% अधिक एटीपी (पेशी वापरतात तो ऊर्जावाहक रेणू) देतात. शिवाय ऑक्सिजन कमी पडताच पेशींतील ‘हिफ’ प्रथिने सक्रिय होऊन ग्लुकोजचा वापर वाढवतात. म्हणून उंचीवर मेद मागे पडतो, असा समज होता. तो अर्धाच खरा आहे.

पेरूच्या अँडीज पर्वतातील फिलोटिस उंदीर पळताना सखल भागातील भाईबंदांपेक्षा कर्बोदकांवर अधिक विसंबतात, असे २०१२ मध्ये दिसून आले. उत्तर अमेरिकेतील डिअर माउस (पेरोमिस्कस) मात्र थंडीत नेमके उलट करतो. कोलोरॅडोतील ४,३०० मी.हून उंच शिखरांवरही तो राहतो. वीसेक ग्रॅमच्या देहातून उष्णता झपाट्याने निसटते. ती तासन्‌तास भरून काढायची, तर स्नायू व यकृतातील ग्लायकोजेनचा तुटपुंजा साठा पुरणार कसा? तेथे चरबीच हवी. कुडकुडणारे स्नायू आणि तपकिरी मेद ही त्याची उष्णतेची साधने असून, अशा वेळी त्याचा मेद जाळण्याचा वेग सस्तन प्राण्यांत आजवर मोजलेल्या सर्वाधिक वेगांत गणला जातो. थंडी व विरळ हवेला एकत्र सरावल्यावर रक्तातून होणारा मेदाम्ले व ट्रायग्लिसराइडांचा पुरवठा वाढतो. ऑक्सिजनची उणीव भरून काढण्यास ऑक्सिजन घट्ट धरणारे हिमोग्लोबिन आणि स्नायूंतील दाट केशवाहिन्या मदत करतात. सखल भागातील डिअर माउसही सरावाने उष्णतानिर्मितीत काही प्रमाणात सुधारतो, परंतु शिखरांवरील उंदरांची मजल गाठत नाही. सराव आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नैसर्गिक निवड यांतील फरक येथे स्पष्ट होतो. प्रौढांत ही क्षमता अधिक असली, तरी शिखरांवरील पिलांत उष्णतानिर्मिती सखल भागातील पिलांपेक्षा उशिरा सुरू होते.

पक्ष्यांत लांब उड्डाणाचे मुख्य इंधन मेदच. हिमालय ओलांडून हिवाळ्यात महाराष्ट्रातील जलाशयांवर येणारा पट्टकदंब हंस त्याला अपवाद नाही. त्याच्या उड्डाण-स्नायूंत केशवाहिन्या दाट असतात आणि ऑक्सिजन वापरणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) पेशीपटलालगत वसलेल्या असतात, त्यामुळे ऑक्सिजनला कमी अंतर कापावे लागते.