पाटा, वरवंटा आणि चॉकलेट

सुट्टीत ग्वाटेमालाला गेलो होतो. अँटिग्वा नावाच्या जुन्या शहरात दोन तासांची चॉकलेट बनवायची कार्यशाळा होती, तिचे पैसे भरले. डोक्यात साचे, चमचे आणि वितळलेलं गुळगुळीत चॉकलेट. शिकवणाऱ्या बाईंनी समोर ठेवला तो मात्र चक्क पाटा.

त्याचं नाव मेटाटे. काळ्या ज्वालामुखी दगडाचा, तीन पायांचा, एका बाजूला उतरता. वरवंटा लांबुळका, दोन्ही हातांनी धरायचा. भाजलेल्या काकाओच्या बिया शेंगदाण्यासारख्या सोलल्या आणि गुडघ्यांवर बसून वाटायला लागलो. आधी भरड, मग पूड, आणि थोड्या वेळाने पूड चक्क ओली झाली. पाण्याचा थेंबही न घालता! या बीत जवळपास निम्मं तूपच असतं आणि ते अंगाच्या उष्णतेइतक्या तापमानाला वितळतं. माझे खांदे भरून आले. बाईंनी बोटावर घेऊन पाहिलं आणि हसल्या. "अजून तासभर वाटायला हवं."

हे काम या देशात किती जुनं आहे? उत्तरेकडच्या रिओ अझुल इथे १९८४ साली एका थडग्यात पाचव्या शतकातलं मातीचं भांडं सापडलं. झाकण बरणीसारखं फिरवून लावायचं. त्यावर माया लिपीत 'काकाव' असं लिहिलेलं. आतला वाळलेला गाळ हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासला, तर तो काकाओच निघाला. दीड हजार वर्षांनंतरही लेबल खरं होतं.

माया लोक चॉकलेट खात नसत, पीत. फेस हवा म्हणून ते उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं, आपण चहा वरखाली करतो तसं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात एक माया भांडं आहे, त्यावर हे चित्र आहे. सिंहासनावर म्हातारा देव बसलाय, खाली एक ससा पोथी लिहितोय, आणि एक बाई उभी राहून भांड्यातून धार ओततेय. चॉकलेटच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी हे एक. त्यातल्या बाईचं नाव कोणाला माहीत नाही.

पुढे स्पॅनिश आले. १५४४ साली डोमिनिकन साधूंनी ग्वाटेमालातल्या केक्ची माया सरदारांना स्पेनच्या राजपुत्र फिलिपच्या दरबारात नेलं. त्यांच्या भेटवस्तूंमध्ये घुसळलेलं चॉकलेट होतं. युरोपात चॉकलेट पोचल्याची ही पहिली लेखी नोंद. राजपुत्राचं नाव आपल्याला कळतं. ते चॉकलेट कोणी वाटलं, ते कळत नाही.

नंतरचा इतिहास सोपा आहे, कारण त्याला पेटंट आणि आडनावं आहेत. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटेन यांच्या प्रेसने बीतलं तूप पिळून वेगळं केलं. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ते तूप पुन्हा मिसळून खायची वडी पाडली. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोडोल्फ लिंट यांनी तासन्‌तास घोटणारं यंत्र आणलं आणि चॉकलेट जिभेवर विरघळायला लागलं. मी इंजिनिअर आहे, यंत्रांचं कौतुक मला आहेच. पण वाटून वाटून खांदे भरून आल्यावर लक्षात आलं, की लिंटच्या यंत्राने जे केलं त्याची सुरुवात दगडावर गुडघे टेकून आधीच झालेली होती. कडू बी आंबवायची, वाळवायची, भाजायची, वाटायची, हे ज्यांनी शोधलं त्यांनी अवघड भाग संपवला होता. आंबवल्याशिवाय त्या बीला चॉकलेटची चवच येत नाही. आमच्या कार्यशाळेत बिया आंबवून, वाळवूनच आल्या होत्या. म्हणजे आम्हीही सुरुवात मधूनच केली, इतिहासाच्या पुस्तकांसारखी.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळी, आजीला व्हिडिओ कॉल लावून मेटाटेचा फोटो दाखवला.

"अरे, हा तर पाटा! आणि तू वाटलंस? इथे कधी हात लावला नाहीस त्याला."

"अगं आजी, पैसे भरून वाटलं."

"पैसे? मला कोणी दिले का रे इतकी वर्षं?"

ती हसत होती. मी नुसता ऐकत राहिलो.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून आपल्याकडच्या दळणाऱ्या बायकांचं निदान गाणं तरी उरलं. पाट्यावरचं वाटण मात्र जेवणात संपून जातं.

आजीचा पाटा गच्चीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय. परत आल्यावर मी कुंडी खाली काढून तो धुतला. अँटिग्वातून आणलेल्या मूठभर बिया त्यावर वाटल्या. चॉकलेट खरखरीतच झालं. आजीने चाटून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "साखर घाल. आणि सरक बाजूला, मनगटाने नाही, खांद्याने रेटायचं असतं."