रंकाळ्यातली पाणबुडी

कोल्हापूरला समुद्र नाही. आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी तेव्हा तो दिसतो. तरी पाणबुडीच्या कादंबऱ्यांचं व्यसन मला इथंच लागलं, रद्दीच्या दुकानात किलोवर मिळणाऱ्या पुस्तकांपायी. मुखपृष्ठ फाटलेलं, शेवटची चार पानं गायब आणि आत दर वेळी तेच: वर विनाशिका घिरट्या घालतेय, खाली कप्तान घाम पुसतोय, कुणी शिंकायचंसुद्धा नाही. याला कुणी साहित्य म्हणू नये. पण असलं पुस्तक मध्येच मिटून जेवायला उठणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मराठीतल्या स्वस्त थराराची वंशावळ सर्वांना पाठ आहे. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, मग अनुवाद. इंग्रजी थरारकथा लिहिणाऱ्या ॲलिस्टर मॅकलिनला मराठीत आणणारं मेहता पब्लिशिंग हाउस मूळचं कोल्हापूरचं, एवढं अभिमानानं सांगतो आणि पुढं जातो.

एका सकाळी मॅकलिनचंच ‘आइस स्टेशन झेब्रा’ घेऊन रंकाळा तलावाच्या काठावर बसलो होतो. कादंबरी 1963 ची. बर्फाखालून जाणारी अणुपाणबुडी, तिचं नाव ‘डॉल्फिन’. शेजारी एक आजी नातवाला पाण्याकडं बोट करून म्हणाल्या, “ती बघ पाणबुडी!” मी दचकून मान वर केली. कबुतराहून लहान, तपकिरी, शेपूट नसल्यासारखा एक पक्षी. बघता बघता बुडाला, तो पार पलीकडं वर आला.

पक्षीनिरीक्षक तिला टिबुकली म्हणतात. पाणबुडी हे तिचं दुसरं नाव. चाहूल लागली की ती उडत नाही, बुडी मारते. पिसांतली हवा दाबून काढून हळूहळू खाली जाते, कधी नुसतं डोकं पाण्यावर ठेवून टेहळणी करते. पेरिस्कोप म्हणजे दुसरं काय? माझं मत त्या सकाळीच पक्कं झालं: लढाईच्या बोटीला मराठीनं नाव दिलं ते या पाखराचं.

आमचे एक निवृत्त गुरुजी आहेत, व्याकरणाचे. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “पाखराला कशाला मध्ये आणताय? लोक आधी ‘पाणबुडी बोट’ म्हणत असणार. पुढं बोट गळाली, विशेषण उरलं.” मुद्दा वजनदार आहे. बोट स्त्रीलिंगी, पाणबुडीही स्त्रीलिंगी. पण मग जहाजाला ‘पाणबुडं जहाज’ म्हणायला हवं. म्हणून बघा, कानाला कसं लागतं ते! दुसरा पक्ष म्हणतो, पाण्यात बुड्या मारून वस्तू काढणारा पाणबुड्या, त्यावरून बोट. पण पाणबुड्याची बायको पाणबुडीण होईल, पाणबुडी कशी होईल?

गुरुजींनी मग पाणतीर आणि पाणसुरुंग काढले. ही सरळ जुळवलेली जोडनावं, यांत पाखरू कुठंय? मी म्हणालो, ही मागून आलेली पिलं, आईच्या मागं रांगेत पोहणारी. (हा अंदाज आहे, पण मी तो ठासून सांगतो.) त्याउलट पाणकोंबडी, पाणकावळा, पाणमांजर, पाणघोडा, पाणसाप ही पाण्यातली सगळी बिरादरी जिवंत आहे. पाणबुडी त्याच घरातली.

बाहेरच्या जगातही पाण्याखालच्या यंत्राचं बारसं जनावरांच्याच नावानं झालं. अमेरिकन बुशनेलच्या 1776 च्या बुडत्या नौकेचं नाव ‘टर्टल’, म्हणजे कासव. फुल्टननं 1800 मध्ये केली ती ‘नॉटिलस’, एक शंखवाला सागरी जीव. ज्यूल व्हर्ननं तेच नाव आपल्या कादंबरीतल्या कप्तान नेमोच्या बोटीला दिलं. टॉर्पेडो तर आधी विजेचा झटका देणारा मासा, नंतर शस्त्र. आपल्या नौदलाची पहिली पाणबुडी 1967 ची ‘कलवरी’. नाव वाघशार्क माशाचं. पण ही सगळी एकेका बोटीची किंवा शस्त्राची नावं. बोटीच्या अख्ख्या जातीलाच पाखराचं नाव देणारे आपण. आणि हिंदीवाले, कारण त्यांची पनडुब्बीही आधी पाखरू आणि मग बोट. गुरुजी म्हणतात, कुणीतरी कुणाची नक्कल केली. असेल. पण नक्कल पाखराचीच केली ना!

एक अडचण मात्र अनुवादकांच्या गळ्यात कायमची पडली. ‘पाणबुडी बुडाली’ म्हणजे काय, बुडी मारली की जलसमाधी मिळाली? नावातच बुडणं असलेल्या बोटीचा शेवट सांगायचा कसा? चांगला अनुवादक ‘बुडी मारली’ आणि ‘बुडाली’ यांतलं अंतर जिवापाड सांभाळतो. स्वस्त पुस्तकात ते सांभाळलेलं नसतं, म्हणून कधी कधी बुडालेला कप्तान पुढच्या प्रकरणात कॉफी पिताना दिसतो. मला तेही चालतं.

आता हे नाव मराठीत आलं केव्हा? पहिल्या महायुद्धात जर्मन यू-बोटींनी, म्हणजे पाणबुड्यांनी, धुमाकूळ घातला. 22 सप्टेंबर 1914 ला एकाच बोटीनं तासादीड तासात तीन ब्रिटिश क्रूझर तळाला धाडल्या. असल्या बातम्या मराठीत लिहिताना कुणा उपसंपादकाला गावच्या तळ्यातलं पाखरू आठवलं असणार, असं मी धरून चाललो आहे. तुमच्या माळ्यावर 1914 ते 1918 मधला एखादा मराठी अंक पडला असेल, तर झटकून बघा. ‘पाणबुडी’ एकटी सापडली तर मला कळवा. तिच्यापुढं ‘बोट’ दिसली, तर गुरुजींच्या हाती तेवढं लागू देऊ नका.