मिनी ट्रॅक्टरला फ्लेल मोअर घ्यायचाय? धुरा, बोडी आणि वाघाच्या मुलखात हे यंत्र कुठे चालतं, कुठे नाही

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात पावसाळा संपेपर्यंत धुऱ्यांवर आणि पांदणींच्या कडेला कमरेएवढं रान माजतं. गाजर गवत, रानतुळस, घाणेरी आणि पाण्याजवळ बेशरम. दुसऱ्या एखाद्या तालुक्यात हा फक्त तणाचा प्रश्न असता. ताडोबाच्या पूर्वेकडच्या या जंगलपट्ट्यात तो जिवाचाही आहे, कारण शेतावर जाणाऱ्या माणसाला झुडपामागे काय बसलंय ते दिसत नाही.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती घटना जंगलातली होती. गवत कापणाऱ्या कुठल्याही यंत्राने ती टळली नसती. पण गावातून शेतापर्यंत जाणारी वाट मोकळी असावी, दहा पावलांपुढचं दिसावं, ही मागणी इथल्या गावांना नवी नाही. अशा वाटा साफ करण्यासाठी आता मिनी ट्रॅक्टरला जोडायच्या फ्लेल मोअरचं नाव ऐकू येतं. रील्समध्ये तो एका फेरीत झुडपांचा भुगा करताना दिसतो. धान पिकवणाऱ्या भागात मात्र तो घेण्याआधी बऱ्याच गोष्टी तपासाव्या लागतात.

फ्लेल मोअर म्हणजे नेमकं काय?

ट्रॅक्टरच्या मागे थ्री पॉइंट लिंकेजवर बसणारी ही लोखंडी पेटी असते. तिच्यात जमिनीला समांतर एक जाड रोटर आडवा बसवलेला असतो आणि त्यावर पिनांनी लटकवलेली डझनावारी पाती असतात. रोटर फिरला की पाती ताठ होतात, गवत कापतात आणि पेटीच्या आतच त्याचे बारीक तुकडे करतात. मागचा रोलर कापणीची उंची ठरवतो आणि भुगा जमिनीवर दाबत जातो. पश्चिम महाराष्ट्रात उसाचं पाचट आणि विदर्भात पऱ्हाटी बारीक करणारा मल्चर याच कुळातला, फक्त अंगाने भारी.

ट्रॅक्टरचा स्लॅशर वेगळा. त्यात पातं पंख्यासारखं आडवं फिरतं. तो स्वस्त पडतो आणि जाड झुडपालाही भिडतो, पण दगड लांब फेकतो. फ्लेलचं पातं दगडाला लागलं की पिनेवर मागे दुमडतं, धक्का कमी बसतो आणि उडालेली वस्तू बहुतेक वेळा पेटीतच अडकते. वाटेवरून माणसं आणि गुरं जात असतील, तर फ्लेलचे जास्तीचे पैसे खरं तर याच गोष्टीचे असतात.

पात्यांचे मुख्य प्रकार दोन. वाय आकाराची पातळ पाती गवत आणि कोवळ्या तणासाठी. हातोडीसारखी जड पाती बोटभर जाडीच्या काड्यांसाठी. मिनी ट्रॅक्टरच्या हलक्या मोअरकडून यापेक्षा जाड लाकडाची अपेक्षा ठेवू नये. घाणेरीचं मनगटाएवढं जुनं खोड त्यात घातलं तर बेल्ट जळतो.

किती एचपीला किती फूट?

दुकानात पहिला प्रश्न ‘ट्रॅक्टर किती एचपीचा?’ असा येतो. तो आकडा इंजिनाचा असतो. मोअर चालतो पीटीओवर, आणि तिथे पोहोचणारी ताकद त्याहून कमी असते. ढोबळ हिशेब असा, की साध्या गवताला रुंदीच्या दर फुटामागे पीटीओची ५ एचपी तरी लागते, झुडपाला त्याहून जास्त. म्हणजे २४ ते २७ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला ४ फुटी मोअर ही वरची मर्यादा. १५ ते १८ एचपीच्या ट्रॅक्टरने ३ फुटांवर थांबावं. ५ फुटी यंत्र उचललं जातं, जोडलंही जातं, पण दाट गवतात शिरलं की इंजिन दबतं, पात्यांचा वेग उतरतो आणि गवत कापण्याऐवजी ओढलं जातं.

रुंदीला खालचीही मर्यादा आहे. मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा मोअर अरुंद असेल, तर चाकाखाली दबलेलं गवत तसंच राहतं. शेतावर जाऊन टेपने चाकं मोजणं हे माहितीपत्रक वाचण्यापेक्षा खात्रीचं.

वजनाकडेही पाहावं. ४ फुटी मोअर साधारण २०० ते ३०० किलो भरतो. मिनी ट्रॅक्टरची हायड्रॉलिक तो सहज उचलते, अडचण पुढच्या चाकांची होते. चढावर नाक हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे वजनं लावावीच लागतात.

दोन गिअरचा पीटीओ: इथेच यंत्र फुटतं

बहुतेक मोअर पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेले असतात. त्यांचा गिअरबॉक्स आणि बेल्ट त्या वाढवून रोटर २,००० च्या आसपास फिरवतात. पात्यांसकट रोटरचा घेर ४० सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी १५० किलोमीटर होतो.

काही मिनी ट्रॅक्टरना पीटीओचे दोन वेग असतात आणि वरचा ७५० किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. ५४० चा मोअर ७५० वर चालवला तर रोटर सुमारे ४० टक्के जास्त वेगाने फिरतो. पात्यांना बाहेर खेचणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो जवळजवळ दुप्पट होतो. अशा वेळी पिन तुटली तर पातं बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. म्हणून मोअरवर छापलेला आकडा आणि ट्रॅक्टरच्या पीटीओ लिव्हरवरचा आकडा विकत घेण्याआधीच जुळवून बघावा.

शाफ्टची लांबीही तपासावी लागते. यंत्रासोबत येणारा पीटीओ शाफ्ट मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा असू शकतो. मिनी ट्रॅक्टरला तो लांब पडतो आणि मोअर उचलताना दोन्ही नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून गिअरबॉक्सलाच ठोसा मारतात. जोडणीच्या दिवशी मेकॅनिकसमोर मोअर वर-खाली करून बघावा आणि शाफ्ट कापायचा असेल तर तेव्हाच कापून घ्यावा.

रोटर जड असतो, क्लच दाबला तरी तो फिरतच राहतो. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये हाच फिरता रोटर ट्रॅक्टरला पुढे ढकलू शकतो. त्यासाठी मोअरच्या गिअरबॉक्समध्ये किंवा शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच हवा. विक्रेत्याला हे नाव घेऊन विचारावं. त्याचं उत्तर गोलमोल आलं, तर दुसरं दुकान बघावं.

धानाच्या बांधीत याचं काम किती?

खरं सांगायचं तर थोडंच. सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे आणि शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी धान देशभर गेला. हा सगळा धानाचा मुलूख. पावसाळ्यात बांध्यांमध्ये पाणी आणि रोवणी असते. धुऱ्यावरचं रान सर्वात जास्त वाढतं तेव्हाच ट्रॅक्टर आत जाऊ शकत नाही. कापणीनंतरही रान मोकळं होतंच असं नाही. अनेक शेतकरी उभ्या धानातच लाखोळी किंवा जवस पेरतात, त्यामुळे धान निघतो तेव्हा खाली दुसरं पीक उगवलेलं असतं. धुऱ्यावर तूर असेल तर ती निघेपर्यंत तिथेही थांबावं लागतं.

मग उरतो साधारण फेब्रुवारीअखेर ते पहिल्या पावसापर्यंतचा काळ. तोवर गाजर गवत फुलून बी सांडून बसलेलं असतं. १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलेलं हे तण देशभर पसरलं ते या बियांच्या जोरावर. ते फुलण्याआधी, म्हणजे पावसाळ्यातच कापायला हवं. अरुंद धुऱ्यावर ते काम पाठीवरचा ब्रश कटर किंवा विळाच करू शकतो. धुऱ्यापुरतंच काम असलेल्याने मोअर घेऊ नये.

बांधी कोरडी झाल्यावर धुऱ्याची बाजू कापायचीच असेल, तर साइड शिफ्टचा मोअर लागतो. त्यात पेटी ट्रॅक्टरच्या एका बाजूला सरकते. चाकं बांधीत राहतात आणि पाती धुऱ्याच्या कडेला पोहोचतात.

फ्लेल मोअरची खरी जागा वेगळी आहे: पांदण रस्ते, आमराई, शाळेचं मैदान, स्मशानभूमीची वाट, गोठ्यामागची पडीक जागा आणि बोडी किंवा मामा तलावाच्या पाळीचा सपाट माथा. पाळीच्या उतारावर मिनी ट्रॅक्टर आडवा चालवू नये. तो अरुंद असतो, एक चाक उंदराच्या बिळात गेलं तरी कलंडतो, आणि अनेक मॉडेलवर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट नसते. उतार हातानेच साफ करावा.

काही झाडांना कापणं म्हणजे पेरणं

बेशरमाची पोकळ काडी मोअरमध्ये काकडीसारखी कापली जाते. पण तिचे तुकडे ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतात. तलावाच्या ओल्या काठाला मोअर फिरवला, तर एका झुडपाची वीस झाडं होऊ शकतात. ते मुळासकट उपटून लांब वाळवावं लागतं.

घाणेरीही कापल्यावर बुडातून फुटते. दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी सुचवलेल्या पद्धतीत तिचं मुख्य मूळ जमिनीखाली काही सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटं टाकतात. मोअर तिच्या कोवळ्या फुटव्यांवर चालवता येतो, आणि तो वर्षातून दोन-तीनदा चालवावा लागतो.

गाजर गवताचा भुगा अंगावर घेऊ नये. त्याने त्वचेला खाज, पुरळ आणि काहींना दमा होतो. मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

साडी, तार आणि दगड

रानडुकरांना हुसकवण्यासाठी शेताभोवती जुन्या साड्या बांधणं विदर्भात नेहमीचं. झटका मशीनच्या ताराही आता बऱ्याच शेतांना आहेत आणि डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणंही मिळाली आहेत. गवतात पडलेला साडीचा तुकडा रोटरला गुंडाळला की बेअरिंग तापून जातं. तार त्याहून वाईट. ती गुंडाळली जाते किंवा तुकडे होऊन उडते. यंत्र फिरवण्याआधी तो पट्टा पायी चालून बघणं, हातात काठी घेऊन आणि सोबत एक माणूस ठेवून, हे यातलं सर्वात स्वस्त काम आहे. याच फेरीत घोणसही दिसू शकते आणि वाघाचा ताजा माग दिसला तर त्या दिवशीचं काम थांबवता येतं. पहाटे आणि संध्याकाळी यंत्र बाहेर काढू नये.

मागची-पुढची रबरी किंवा साखळीची झडप ‘गवत अडकतं’ म्हणून काढून टाकणारे चालक दिसतात. तसं करू नये. पन्नास मीटरच्या आत कोणी उभं राहू नये. पीटीओ शाफ्ट ५४० वर सेकंदाला ९ वेळा फिरतो. दुपट्टा, शेला किंवा पदर त्यात सापडला तर हात काढायलाही वेळ मिळत नाही, म्हणून शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण शाबूत असावं. अडकलेलं काढायचं असेल तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात आणि रोटर पूर्ण थांबेपर्यंत वाट.

चालवताना पीटीओ इंजिन मंद असताना जोडावा, मग रेस वाढवून ५४० वर आणावी आणि तिथेच ठेवावी. दाट गवतात ट्रॅक्टर हळू करायचा तो गिअर कमी करून. रेस कमी केली तर पात्यांचाच वेग पडतो. ताशी ३ किलोमीटरची चाल पुरते. पातं तुटलं तर समोरच्या बाजूचंही बदलावं, नाहीतर रोटर थरथरतो आणि आठवड्याभरात बेअरिंग जातं.

विकत की भाड्याने?

एक एकराचा चौकोनी तुकडा चार बांध्यांत विभागलेला असेल, तर सगळे धुरे मिळून सुमारे ३८० मीटर भरतात. ताशी ३ किलोमीटरने दोन्ही बाजू कापायला वळणं सोडून पंधरा मिनिटं लागतात. दोन-तीन एकरवाल्याचं वर्षाचं काम काही तासांत आटोपतं. एवढ्यासाठी मोअर विकत घेणं परवडत नाही. गट, अवजारे बँक किंवा ग्रामपंचायत यांनी घेऊन पांदणी आणि शेतं दोन्हींना तासावर वापरला, तर हिशेब बसतो. भाडं एकरावर न ठरवता तासावर ठरवावं, कारण रान किती माजलंय त्यावर वेळ दुप्पट होऊ शकतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि बहुतांश शेती अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, बिलात तो तसाच लागलाय का बघावं. अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर ‘मल्चर’, ‘श्रेडर’ अशा नावांनीही शोधावं. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, अर्थात ठरलेल्या कमाल रकमेच्या आत. २०२५ पासून सोडतीऐवजी आधी अर्ज करणाऱ्याला आधी लाभ मिळतो आणि शेतकरी ओळख क्रमांक लागतो. पूर्वसंमती येण्याआधी यंत्र विकत घेतलं तर अनुदान हातचं जातं. आणि विक्रेत्याकडून पात्यांचा एक जादा संच, पिना आणि बेल्टची जोडी यंत्रासोबतच घ्यावी. ऐन मे महिन्यात त्यांच्यासाठी नागपूरला जावं लागलं, तर पाऊस येईपर्यंतचे आठवडे त्यातच जातात.