आनंदीबाईंचे सहा प्रश्न

टिटवाळ्याहून तुमची सहयोगिनी बोलतेय.

आज भीतीबद्दल बोलायचंय. आधी माझीच सांगते. मी बी.ए. झालेय, गटांची दप्तरं तपासते, म्हणून सगळ्यांना वाटतं हिला कसली भीती? पण पहिल्यांदा गटाचं कर्जप्रकरण घेऊन बँकेत गेले, तेव्हा साहेबांच्या टेबलासमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना. घसा कोरडा पडला. साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या." मी मान डोलावली आणि बाहेर आले. सोबतच्या बायका पायरीवर बसून वाट बघत होत्या. त्यांना काय सांगायचं, तेच कळेना.

त्या दिवसांत मला आधार मिळाला तो आपल्या शेजारच्याच एका मुलीचा. टिटवाळ्याहून लोकल पकडली की आंबिवली, शहाड आणि मग कल्याण. त्या कल्याणात तिचं लहानपण गेलं. माहेरचं नाव यमुना, सासरचं आनंदी. आपण त्यांना डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म 31 मार्च 1865 चा. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने बराच मोठा. बायकोने शिकलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट. ऐकायला बरं वाटतं, पण त्या हट्टात मारही होता. नवऱ्याने लहानपणी केलेल्या मारहाणीची आठवण आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात काढली. म्हणजे शिक्षणाची सुरुवात धाकातच झाली. ती गोष्ट झाकून ठेवू नये असं मला वाटतं.

चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहाच दिवसांत गेला. बाईला बाईच डॉक्टर मिळाली पाहिजे, हे त्यांच्या मनाने तेव्हापासून घेतलं. इथून पुढचा हट्ट त्यांचा स्वतःचा होता.

अमेरिकेत जाऊन डॉक्टर व्हायचं ठरलं आणि गवगवा झाला. ब्राह्मणाची बाई, समुद्र ओलांडणार, तेही एकटी! तेव्हा हे जोडपं बंगालमधल्या श्रीरामपूरला राहत होतं. आपलं नगरकडचं श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याजवळचं. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात 24 फेब्रुवारी 1883 या दिवशी सभा झाली. आनंदीबाई बोलायला उभ्या राहिल्या. अठरावं अजून पुरं व्हायचं होतं. भाषण इंग्रजीत.

मैत्रिणींनो, त्यांना भीती वाटली नसेल हे मला पटत नाही. मुंबईत शाळेत जाताना लोक आपल्याला हसायचे, खडेसुद्धा मारायचे, हे त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. लोकांच्या नजरेचा असा अनुभव घेतलेली मुलगी भरल्या सभेत उभी होती. मग तिने केलं काय?

लोक पाठीमागे जे विचारत होते, त्याचे तिने सहा प्रश्न केले. अमेरिकेला का जाता? इथे शिकायची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? तिथे काही संकट आलं तर? आणि आजवर एकाही बाईने केलं नाही ते तुम्हीच का करायचं?

मग एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. देशाला बायका डॉक्टरांची गरज आहे. मद्रासला कॉलेज आहे, सुईणपणाचे वर्ग आहेत, पण ते शिक्षण अपुरं पडतं. नवऱ्यावर म्हाताऱ्या आईचा आणि धाकट्या भावांचा भार आहे, म्हणून मी एकटी जाते. तिथेही इथल्यासारखीच राहीन, मग मला जातीबाहेर का टाकाल? संकट म्हणाल तर ते कुठेही येऊ शकतं. आणि कोणी केलं नाही म्हणून मी करू नये, हे कारण त्यांना मान्य नव्हतं.

बघा, यात "मी कोणाला घाबरत नाही" अशी फुशारकी कुठेच नाही. भीती अंधारातल्या सावलीसारखी असते. नुसती बघत बसलं की वाढत जाते. आनंदीबाईंनी तिचे सहा तुकडे केले. प्रत्येक तुकड्याला उत्तर होतं. एखादं उत्तर अर्धंच होतं, तेही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

7 एप्रिल 1883 ला त्यांचं जहाज कलकत्त्याहून निघालं. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना आपल्या घरी लेकीसारखं ठेवलं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्या शिकल्या. तिथली थंडी कडाक्याची, तब्येत नाजूक, खाणं शाकाहारी. तरी 11 मार्च 1886 ला पदवी हातात पडली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची नोकरीही ठरली.

पण ती नोकरी त्यांच्या हातून झाली नाही. क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन त्या परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. श्रीरामपूरच्या त्या भाषणाला चार वर्षं आणि दोन दिवस झाले होते. वय बाविसाच्या आत. म्हणजे पाचव्या प्रश्नातलं संकट खरोखरच आलं. भीतीला सामोरं गेलं की सगळं चांगलंच होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्या गेल्या त्या डॉक्टर होऊन गेल्या, आणि कल्याणची मुलगी सातासमुद्रापलीकडे शिकू शकते हे पुन्हा कोणाला "अशक्य" म्हणता आलं नाही.

आता माझी बँक. पुढच्या बैठकीत मी इतिवृत्ताच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि सगळ्यांना विचारलं, "बँकेत जायला नक्की कशाची भीती वाटते?" आधी कोणी बोलेना. मग एक मावशी म्हणाल्या, "साहेब इंग्रजीत विचारतील." दुसरी म्हणाली, "हप्ता थकला तर?" तिसरी हळूच म्हणाली, "घरी विचारतील, तू कशाला पुढे पुढे करतेस?" मी माझा लिहिला: "मला बोलताच आलं नाही तर?" बरोबर सहा प्रश्न झाले नाहीत, नऊ झाले. प्रत्येकापुढे आम्ही उत्तर लिहिलं. ज्याचं उत्तर सापडेना, त्यापुढे लिहिलं, "हे साहेबांनाच विचारायचं."

आठवड्याने परत गेलो. घसा तेव्हाही कोरडा पडला. पण हातात वही होती. मी पहिला प्रश्न वाचला, पुढचा मावशींनी विचारला. कर्ज मंजूर व्हायला आणखी दोन फेऱ्या लागल्या. त्या दोन्ही वेळा मी पायरीवर बसून राहिले नाही, सगळ्याजणी माझ्यासोबत आत आल्या.

तर सख्यांनो, येत्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले की वहीचं शेवटचं पान उघडा. जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, शेजारणीने लिहावं. आणि तुमच्या मुली जवळ बसल्या असतील तर त्यांना उठवू नका. त्यांनाही ऐकू द्या.