रंगांची ओळखचिठ्ठी

१९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली. त्याच साली व्ही. शांताराम यांचा रंगीत ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. चित्रण इथले, छपाई जर्मनीतली. रंग मनाजोगते उतरले नाहीत. प्रभातची पुढची कीर्ती कृष्णधवल चित्रांनीच वाढवली.

दिग्दर्शकाने डोळ्यांनी पाहिलेला लाल नेमका कोणता, हे दूरच्या छापणाऱ्याला कळावे कसे? तशी सामाईक भाषा घडवण्यासाठी १९९३ साली आठ कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापिले. आज छायाचित्राच्या फाइलीतील ‘कलर प्रोफाइल’ तिच्यातल्या आकड्यांचा अर्थ सांगते. ते गळले की पैठणीचा लाल फिका पडू शकतो.

रंग परक्या हाती सोपवावा, पण ओळखचिठ्ठीसह. साठ वर्षांच्या अंतराने उमगलेले शहाणपण ते हेच.