दूरचित्रवाणी आणि प्रश्न विचारणारे मूल : १९७५-७६ या वर्षाच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतातील दूरचित्रवाणीचा इतिहास सामान्यतः तंत्रविकासाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालेले प्रायोगिक प्रक्षेपण, २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झालेले मुंबई केंद्र, १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने पडद्यावर आलेला रंग आणि १९९२ नंतर वाढत गेलेल्या खासगी वाहिन्या, असे त्याचे टप्पे मांडले जातात. या मांडणीत प्रेक्षकाला, विशेषतः बालप्रेक्षकाला, फारसे स्थान मिळत नाही. वास्तविक भारतीय दूरचित्रवाणीने आपल्या पहिल्या वर्षांतच मुलांना समोर बसविले होते. १९६१ साली दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी शालेय प्रक्षेपण सुरू झाले होते. अशा स्थितीत पडद्यासमोर बसलेल्या मुलाकडून या माध्यमाने नेमकी कोणती अपेक्षा केली, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एकच वर्ष पुरेसे आहे. या वर्षात दूरचित्रवाणीची तीन रूपे भारतात एकाच वेळी वावरत होती : शिक्षक, शासनाचा प्रवक्ता आणि विक्रेता. या तिन्ही रूपांत एक साम्य होते. तिन्ही रूपांनी प्रेक्षकाला ऐकणारा मानले, विचारणारा मानले नाही.

वर्ग म्हणून दूरचित्रवाणी

डॉ. विक्रम साराभाई यांनी अवकाश तंत्रज्ञानाचा उपयोग ग्रामीण शिक्षणासाठी करण्याची कल्पना मांडली आणि १९६९ साली भारताचा अणुऊर्जा विभाग व अमेरिकेची ‘नासा’ यांच्यात त्यासाठी करार झाला. साराभाई यांचे ३० डिसेंबर १९७१ रोजी निधन झाले. तथापि योजना पुढे गेली. ‘एटीएस-६’ या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगाचे नेतृत्व अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राकडे होते व केंद्राचे संचालक प्रा. यशपाल होते. जेथे मूलभूत सोयींची वानवा होती, अशा गावांतील सार्वजनिक जागी जाळीची मोठी तबकडी उभारून चित्र उतरविले गेले. जगाच्या इतिहासात हे काम अपूर्व होते, यात शंका नाही.

सकाळच्या दीड तासात पाच ते बारा वयोगटातील मुलांसाठी हिंदी, कन्नड, उडिया व तेलुगू या चार भाषांत प्रत्येकी साडेबावीस मिनिटांचे कार्यक्रम दाखविले जात. महाराष्ट्र या प्रयोगाच्या सहा राज्यांत नव्हता. मात्र मुलांसाठीच्या विज्ञान कार्यक्रमांच्या निर्मितीत ‘इस्रो’च्या मुंबई येथील स्टुडिओचा मोठा वाटा होता. प्राथमिक शाळांतील हजारो विज्ञान शिक्षकांचे प्रशिक्षणही याच उपग्रहाद्वारे झाले. प्रयोगकर्त्यांनी सामाजिक संशोधनाकडेही दुर्लक्ष केले नाही. संशोधक गावांत राहिले व त्यांनी प्रेक्षकांची निरीक्षणे नोंदविली. तथापि या मोजमापाचा मुख्य रोख प्रेक्षकाने किती माहिती ग्रहण केली व त्याच्या वृत्तीत कोणता बदल झाला, याकडे होता. पाहिलेल्या गोष्टीविषयी मुलाच्या मनात कोणती शंका उत्पन्न झाली आणि ती त्याने कोणाजवळ मांडली, हा या मोजमापाचा मुख्य विषय नव्हता. चित्र आकाशातून खाली येत होते. मुलाचा प्रश्न वर जाण्यास मार्ग नव्हता.

शासनाचा आवाज

हा प्रयोग सुरू झाला त्यापूर्वी जेमतेम पाच आठवडे, २५ जून १९७५ रोजी, देशात अंतर्गत आणीबाणी घोषित झाली होती. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण लादले गेले. दूरदर्शन व आकाशवाणी मुळातच शासनाच्या मालकीची असल्यामुळे तेथे वेगळ्या नियंत्रकाची गरज भासली नाही. सप्टेंबर १९७५ मध्ये आकाशवाणीच्या केंद्रसंचालकांच्या परिषदेत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आकाशवाणी हे शासनाचेच अंग असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. १ एप्रिल १९७६ पासून दूरदर्शन आकाशवाणीपासून स्वतंत्र झाले. परंतु हे स्वातंत्र्य प्रशासकीय होते, संपादकीय नव्हते. वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारास सहकार्य न करणाऱ्या किशोरकुमार यांची गाणी दोन्ही माध्यमांवरून बंद करण्यात आली, यावरून त्या काळचे वातावरण स्पष्ट होते.

येथे एक बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे. सकाळी मुलांना विज्ञान शिकविणारा संच आणि सायंकाळी प्रौढांना शासनाच्या यशाचे वृत्त देणारा संच एकच होता. सकाळी ज्याचे बोलणे निःशंकपणे स्वीकारावयाचे, त्याच्यावर सायंकाळी संशय घेण्यास कोणी व कसे शिकवावे? माध्यमाची शैक्षणिक प्रतिष्ठा प्रचाराच्या उपयोगी पडते, हे या योगायोगातून दिसून येते.

तथापि प्रचाराचे सामर्थ्य अमर्याद नसते, हेही पुढे सिद्ध झाले. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण व जगजीवनराम यांची सभा होती. त्या दिवशी लोकांनी घरीच बसावे, या हेतूने दूरदर्शनने ‘बॉबी’ हा लोकप्रिय चित्रपट दाखविला, असे समकालीन लेखकांनी नमूद केले आहे. तरीही सभेस प्रचंड गर्दी लोटली आणि पुढील महिन्यात मतदारांनी सत्तांतर घडविले. सक्तीच्या नसबंदीचा व अटकसत्राचा अनुभव ज्यांनी आपल्या गावात, आपल्या घरात घेतला होता, त्यांच्यापाशी पडद्यावरील कथन पडताळून पाहण्याचे साधन होते. ते साधन म्हणजे स्वतःचा अनुभव आणि आपसांतील बोलणे.

बाजारपेठेचा प्रवेश

१ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर व्यापारी जाहिरातींना प्रारंभ झाला. आणीबाणीच्या गदारोळात या घटनेकडे फारसे लक्ष गेले नाही. पण बालप्रेक्षकाच्या दृष्टीने तिचे परिणाम अधिक दीर्घकाळ टिकले. जुलै १९८४ मध्ये सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका कुटुंबनियोजन व स्त्रीचा दर्जा यांविषयी प्रबोधन करण्यासाठी योजिलेली होती आणि तिचे प्रायोजकत्व झटपट शिजणाऱ्या शेवयांच्या, ‘मॅगी’च्या, उत्पादकांनी केले होते. प्रबोधन व विक्री एकाच अर्ध्या तासात सुखाने नांदू लागली. शासनाचा प्रचार निदान प्रचार म्हणून ओळखू येत असे. जाहिरात मात्र मुलाच्या स्वतःच्या इच्छेचे रूप घेऊन येते. ‘मला हे हवे आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाला ती इच्छा कोठून आली, हे उमगणे सोपे नसते.

होशंगाबादचा वेगळा मार्ग

‘साइट’चे कार्यक्रम मध्य प्रदेशाच्या छत्तीसगढ भागात पाहिले जात असताना त्याच राज्यातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यात एक निराळा प्रयोग चालू होता. ‘किशोर भारती’ व ‘फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया’ या संस्थांनी १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांनी त्याच्या शिक्षक-प्रशिक्षणास साहाय्य केले. येथे मूल उत्तर पाठ करीत नसे. गटात बसून प्रयोग करी, निरीक्षण नोंदवी आणि इतरांच्या निष्कर्षांशी ताडून पाही. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती. ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्रास मुले पत्रे लिहून मनातील शंका विचारीत व त्यांना उत्तरे मिळत. १९७८ साली हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पोहोचला.

या कार्यक्रमाचा दूरचित्रवाणीशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. परंतु माध्यमसाक्षरतेसाठी लागणारी मूलभूत सवय तेथे अंगी बाणविली जात होती. ‘हे तुला कसे कळले?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मुलाला दिला की तो केवळ चुंबकाविषयी वा बियांविषयी मर्यादित राहत नाही. असा अधिकार व्यवस्थेला नेहमीच मानवतो असे नाही. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य शासनाने बंद केला.

पुढील वाटचाल

१९७७ साली नेमलेल्या वर्गीज समितीने प्रसारणासाठी स्वायत्त न्यासाची शिफारस केली. प्रसार भारती अधिनियम १९९० साली संमत झाला व १९९७ साली अमलात आला. दरम्यान प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. हे सर्व प्रयत्न प्रक्षेपण करणाऱ्याच्या सुधारणेचे होते. पाहणाऱ्याच्या तयारीचा विचार अभ्यासक्रमात त्यामानाने उशिरा आला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ सिद्ध करणाऱ्या सुकाणू समितीचे अध्यक्ष प्रा. यशपालच होते, ही बाब अर्थपूर्ण आहे. ‘साइट’च्या काळात आकाशातून पाठ पोहोचविणाऱ्या या वैज्ञानिकाने पुढे दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि मुलाने स्वतः ज्ञान रचावे या विचारास आराखड्यात स्थान मिळवून दिले. त्या आराखड्यानुसार २००७ साली आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या सातवीच्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात माध्यमे व जाहिरात यांवर स्वतंत्र प्रकरणे होती. बातमी कोण निवडते आणि जाहिरातीचा खर्च कोण सोसतो, हे प्रश्न त्यामुळे वर्गात अधिकृतपणे विचारता आले.

समारोप

१९७५-७६ च्या अनुभवावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, चांगला आशय हा चिकित्सक बुद्धीला पर्याय नव्हे. उत्तम शैक्षणिक कार्यक्रमही निमूटपणे ऐकण्याचीच सवय लावू शकतो. दुसरा, माध्यमाची मालकी बदलल्याने प्रेक्षक आपोआप जागरूक होत नाही. शासनाच्या जागी बाजार आला, तरी मूल ऐकणारेच राहिले. तिसरा, पडताळणीची शक्ती पडद्यावर नसून पडद्याभोवती असते. १९७७ च्या मतदारांनी ती आपल्या अनुभवातून मिळविली, होशंगाबादच्या मुलांनी ती प्रयोगातून मिळविली.

आज पडदा मुलाच्या तळहातावर आला आहे आणि ते बहुधा एकटेच तो पाहते. गावातील सामुदायिक संचाभोवती निदान शेजारी, शिक्षक व वडीलधारी माणसे असत. पाहिलेल्यावर चर्चा होण्याची शक्यता तरी असे. ती शक्यता पुन्हा निर्माण करणे हे घराचे व वर्गाचे काम आहे. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी ही सवय घेऊन आलेला नसेल, तर ती लावण्याची जबाबदारी प्राध्यापकावर येते. आणि तिचा आरंभ आपल्याच व्याख्यानाविषयी ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची मोकळीक विद्यार्थ्यास देण्यापासून होतो.