होमरच्या पोथीवरील संशयाची रेघ

जुन्या ग्रंथाची प्रत सिद्ध करणाऱ्यापुढे एक पेच नेहमीच उभा राहतो. समोरील पोथीतील एखादी ओळ मूळ कवीची नव्हे असे त्यास वाटले, तर त्याने ती ठेवावी की गाळावी? गाळली तर पाठ शुद्ध झाल्यासारखा दिसतो. परंतु त्याचा तर्क चुकला असल्यास ती ओळ पुढील पिढ्यांस कायमची अंतरते. ह्या पेचाचे एक फार जुने उत्तर होमरच्या 'इलियड' महाकाव्याच्या इतिहासात सापडते.

हे काव्य प्रथम गायकांच्या मुखी वाढले आणि मग लेखनात उतरले. इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात त्याच्या नाना प्रती जमल्या, तेव्हा त्या परस्परांशी जुळेनात. कोठे ओळी अधिक, तर कोठे शब्द निराळे. ग्रंथालयाचा प्रमुख झेनोडोटस याने काही ओळी गाळल्या. परंतु केवळ संशयित वाटलेल्या ओळींशेजारी समासात आडवी रेघ ओढण्याची प्रथाही त्यानेच घातली. पुढील शतकात अ‍ॅरिस्टार्कसने ह्या प्रथेस शास्त्राचे रूप दिले. त्याने आणखी खुणा योजल्या आणि त्यांची कारणे स्वतंत्र टीकेत सांगितली. रेघ ओढलेली ओळ मात्र तो जागच्या जागी राहू देई.

त्याची टीका आज नष्ट झाली आहे. तथापि डिडिमस, अ‍ॅरिस्टोनिकस आदी उत्तरकालीन पंडितांनी तिचे सार टिपून ठेवले, आणि ते दहाव्या शतकातील एका चर्मपत्री पोथीच्या समासांत उतरले. १४६८ साली आपला ग्रंथसंग्रह व्हेनिस नगरीस अर्पण करणाऱ्या कार्डिनल बेसारिऑनची ती पोथी होय. फ्रेंच पंडित व्हिल्वाझों याने १७८८ साली ती समासांतील टिपणांसह छापली. सातच वर्षांनी, १७९५ साली, जर्मन पंडित वोल्फ याने त्याच टिपणांच्या आधारे 'इलियड' एका कवीची कृती नव्हे, असे प्रतिपादन केले. होमर एकच होता, ही अ‍ॅरिस्टार्कसची दृढ श्रद्धा. पण प्रतिपक्षास लागणारा पुरावाही त्यानेच जतन केला होता.

ओळ गळाली म्हणजे काय होते, त्याचेही उदाहरण आहे. नवव्या सर्गात वृद्ध फीनिक्स, तारुण्यात पितृवधाचा विचार आपल्या मनात आला होता, असे सांगतो. ह्या चार ओळी 'इलियड'च्या मध्ययुगीन पोथ्यांत नाहीत. प्लूटार्कने आपल्या निबंधात त्या उद्धृत केल्या म्हणूनच आपणांस ठाऊक आहेत. अ‍ॅरिस्टार्कसने त्या भयापोटी काढल्या, असे प्लूटार्क म्हणतो. अनेक विद्वानांस हे पटत नाही, कारण अशी काटछाट त्याच्या रीतीस सोडून आहे.

आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीतही हाच विवेक दिसतो. १९२५ साली प्रमुख संपादक झालेले डॉ. वि. सी. सुकथनकर यांच्या पद्धतीनुसार, अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ आहे आणि मूळ संहितेतून वगळलेले श्लोक तळटीपांत व परिशिष्टांत राखलेले आहेत.

श्रद्धा संशयास भिते आणि संशय श्रद्धेस हसतो, असे आपण समजतो. समासातील त्या आडव्या रेघेने मात्र दोघांसही एकाच पानावर जागा दिली. आपला निर्णय स्पष्ट नोंदवावा, पण पुढे येणाऱ्याचा निर्णयाचा हक्क हिरावून घेऊ नये, हाच ग्रंथरक्षकाचा धर्म होय.